सभेतला शब्द आणि कोर्टातला कागद

या हंगामात तालुक्या-तालुक्याच्या बैठकींत एकच प्रश्न आमच्यापुढे येतो आहे. तो कापसाच्या भावाचा नाही आणि ज्वारीच्या खरेदीचाही नाही. कार्यकर्ते विचारतात, "सभेत बोलायचं की गप्प बसायचं?"

प्रश्नाला कारण घडले आहे. आमच्या एका कार्यकर्त्याने गावच्या पारावर भाषण केले. जिनिंगवर कापूस नेला की काट्यात घट येते, ओलाव्याच्या नावाखाली वर आणखी कटती होते, हे त्याने सांगितले. इथपर्यंत ठीक होते. टाळ्या पडू लागल्या तसा आवाज चढला आणि त्याने एका व्यापाऱ्याचे नाव घेऊन म्हटले, "हा चोर आहे, याच्या बापानेही हेच केलं." आठ दिवसांत वकिलाची नोटीस घरी आली. जाहीर माफी मागा, नुकसानभरपाई द्या, नाहीतर फौजदारी करू. घरात सहा एकर कोरडवाहू, कापूस वेचायला आलेला, आणि चौकटीत पोस्टमन उभा. त्या दिवसापासून त्या तालुक्यात आमच्या दोन सभा झाल्या आणि दोन्ही सभांत काट्याचा विषय कोणी काढला नाही.

काही तरुण उलट बोलतात. "काय होतं ते होऊ द्या, घटनेनं बोलायचा हक्क दिलाय, आम्ही वाटेल ते बोलू." आम्हाला ही दोन्ही टोके चुकीची वाटतात. गप्प बसणे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे. वाटेल ते बोलणे म्हणजे समोरच्याच्या हाती आयते हत्यार देणे आहे. तोंडच्या शब्दाकडे कोर्ट कसे पाहते, हे आपण नीट समजून घेतले तर दोन्ही टाळता येते.

पहिला धडा आपल्याच मुलखातला आहे. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगर येथे स्वराज्यावर मराठीत भाषणे केली. पोलिसांनी ती टिपून घेतली, त्यांची इंग्रजी भाषांतरे झाली आणि २३ जुलैला, टिळकांच्या साठाव्या वाढदिवशीच, त्यांना नोटीस बजावण्यात आली. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. वर्षभर नीट वागण्याची हमी म्हणून. टिळकांना हे नवे नव्हते. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रेम नसणे म्हणजेच अप्रीती, असा अर्थ ज्यूरीला सांगितला होता आणि दीड वर्षाची शिक्षा दिली होती. १९०८ साली 'केसरी'तल्या लेखांवरून सहा वर्षे मंडाले झाले.

१९१६ चा निकाल मात्र वेगळा लागला. मुंबई उच्च न्यायालयात टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जीना उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, भाषण सबंध वाचले पाहिजे. त्यातले एखादे तिखट वाक्य उचलून त्यावर माणसाला धरता येणार नाही. ऐकणाऱ्याच्या मनावर एकंदर परिणाम काय होतो, तो पाहायचा. बॅचलर हे इंग्रज न्यायाधीश होते आणि महायुद्ध चालू होते, तरी त्यांनी हे म्हटले. सबंध भाषण वाचा, ही मागणी आजही प्रत्येक वक्त्याला करता येते. अट एवढीच की सबंध भाषण त्याच्यापाशी असले पाहिजे. त्याकडे पुढे येऊ.

दुसरा धडा तर थेट शेतकऱ्याच्या आंदोलनातला आहे. आमच्या किती कार्यकर्त्यांना तो ठाऊक आहे, कोण जाणे. १९५४ साली उत्तर प्रदेश सरकारने कालव्याच्या पाण्याचे दर वाढवले. डॉ. राममनोहर लोहिया फर्रुखाबादला गेले, सभा घेतल्या आणि शेतकऱ्यांना सांगितले की वाढीव पाणीपट्टी भरू नका. जुलै १९५४ मध्ये त्यांना अटक झाली. कायदा कोणता, तर १९३२ सालचा, इंग्रजांनी केलेला. सरकारी देणे देऊ नका असे नुसते सांगणे हाही त्या कायद्याने गुन्हा होता. राज्य स्वतंत्र झाले, कायदा तोच राहिला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारचा युक्तिवाद असा होता की, एका माणसाला पट्टी भरू नको म्हणून सांगितले तरी ती ठिणगी आहे, तिच्यातून उद्या क्रांतीचा वणवा पेटेल. जानेवारी १९६० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा असा आहे की, बोलणे आणि सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका यांचा संबंध जवळचा, खराखुरा असला पाहिजे. कल्पनेने ताणून जोडलेला संबंध चालणार नाही. आणि ते कलम घटनाबाह्य ठरले.

यातून कोणी भलता अर्थ काढू नये. लोहियांना शेतकऱ्यांपुढे बोलण्याचा हक्क मिळाला, पाणीपट्टी माफ झाली नाही. आपण सभेत वीजबिल भरू नका म्हटले, तर केवळ त्या वाक्यासाठी तुरुंगात टाकता येऊ नये, हे या निकालाच्या आधाराने सांगता येईल. पण बिल थकले की वायरमन येऊन जोडणी तोडणारच. बोलण्याचे संरक्षण वेगळे आणि कृतीची किंमत वेगळी. आंदोलनाची हाक देणाऱ्याने ही किंमत सभेतच सांगितली पाहिजे.

तिसरा धडा कडू आहे. १९५३ साली बिहारमध्ये बरौनीला केदारनाथ सिंह या डाव्या कार्यकर्त्याचे भाषण झाले. गुप्त पोलिसांना त्याने कुत्रे म्हटले, काँग्रेसवाल्यांना गुंड म्हटले आणि क्रांतीच्या आगीत भांडवलदार, जमीनदार, पुढारी यांची राख होईल, असे सांगितले. एक वर्षाची सक्तमजुरी झाली. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. राजद्रोहाचे १२४ अ हे कलम त्यांनी कायम ठेवले, पण त्याला वेसण घातली. सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका केली तरी तो राजद्रोह नाही. हिंसेला चिथावणी किंवा अव्यवस्था माजवण्याचा हेतू वा प्रवृत्ती असेल तरच गुन्हा. तत्त्व मोठे सांगितले, पण केदारनाथ सिंहांचे अपील फेटाळले गेले. पुढे कित्येकांना त्या निकालाचा आधार मिळाला. ज्याच्या भाषणातून तो निघाला त्याला काही मिळाला नाही.

१९९५ साली बलवंतसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी, इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, चंदीगडच्या एका चित्रपटगृहासमोर दोघांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या. त्या घोषणांना कोणी दाद दिली नाही, काही घडले नाही. म्हणून न्यायालयाने दोघांना सोडले. घोषणा निर्दोष होती, असे न्यायालय म्हणाले नाही. शब्दाने काय घडवले, ते त्याने पाहिले. पण तोवर दहा वर्षे उलटून गेली होती.

पुढचा इतिहास अनेकांना आठवत असेल. २०१२ साली मुंबई बंद का, असा प्रश्न फेसबुकवर विचारला म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. त्या निकालात बोलण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्यांवर कितीही अप्रिय बोलले तरी हक्क शाबूत. तिसऱ्या पायरीवर कायदा हात घालू शकतो. मे २०२२ मध्ये न्यायालयाने राजद्रोहाचे कलम थांबवून ठेवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही. तरी १५२ वे कलम आहे. देशाचे सार्वभौमत्व, एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांचे, आणि त्यात तोंडी शब्दही येतो. जुन्या निकालांचे महत्त्व त्यामुळे संपलेले नाही.

इथवर सगळी गोष्ट सरकारविरुद्ध बोलण्याची झाली. धोरणावर, मंत्रिमंडळावर, हमीभावावर, आयात-निर्यातीवर बोलताना कोर्टांनी वक्त्यासाठी रस्ता पुष्कळ रुंद ठेवला आहे. आमच्या कार्यकर्त्याची नोटीस मात्र या रस्त्यावरची नाही. त्याने माणसाचे नाव घेतले. नाव घेतले की रस्ता बदलतो आणि अरुंद होतो.

अब्रुनुकसानीचा कायदा पूर्वी दंड विधानाच्या ४९९ आणि ५०० कलमांत होता, आता न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेत समाजसेवेची शिक्षाही आली आहे. हा गुन्हा बोलून होतो, लिहून होतो, चित्र काढून होतो आणि नुसते बोट दाखवूनही होतो. कायद्यातच उदाहरण दिले आहे. घड्याळ कोणी चोरले असे विचारल्यावर एखाद्याकडे बोट केले, तरी बदनामी. उपरोधालाही सूट नाही. "तो मोठा प्रामाणिक माणूस, त्याने काही घड्याळ चोरले नाही," असे ऐकणाऱ्याला उलटे समजावे अशा हेतूने म्हटले, तरी तीच गत. आमच्या वक्त्यांना टोमण्याची फार हौस आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नाव न घेता 'मोठे शेठ' म्हटले आणि गावाला कळले, तर कोर्टालाही कळते.

मग खरे बोलायचे की नाही? बोलायचे. पण फौजदारीत नुसते खरे असून भागत नाही. ते खरे आणि लोकहिताचे, दोन्ही असावे लागते. दिवाणी दाव्यात खरे ठरले की बचाव पुरा होतो. याशिवाय कायद्याने काही दारे उघडी ठेवली आहेत. सरकारी नोकराच्या कामकाजावर सद्भावनेने मत देता येते. आपल्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने आरोप करता येतो. ज्याला चौकशीचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने तक्रार करता येते. सद्भावना या शब्दाचा कायद्यातला अर्थ चांगले मन असा नाही. पुरेशी काळजी घेतली का, चौकशी केली का, असा त्याचा अर्थ आहे. कोर्ट विचारणार, "चोर म्हणालात, त्याआधी काय पाहिलेत?"

अधिकाऱ्यांच्या बाबतीत १९९४ चा राजगोपाल निकाल प्रत्येक तालुका शाखेने माहीत करून घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था यांना स्वतःच्या बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल लिहिले असेल, तर ते खोटे आहे आणि खऱ्याखोट्याची बेफिकिरी करून लिहिले, हे त्याला दाखवावे लागते. म्हणजे पंचनाम्यावर, आणेवारीवर, पीकविम्यावर मोकळेपणी बोला. अधिकाऱ्याच्या घरादारावर, बायकामुलांवर, जातीवर गेलात की हा आधार सुटला. शिवाय हा निकाल दिवाणी दाव्यापुरता आहे. फौजदारी कलम वेगळे चालते.

"व्यापारी लुटतात" असे मोघम बोलले तर? १९७२ साली तामिळनाडूतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अमर्याद, ओळखता न येणाऱ्या समूहाच्या वतीने कोणीही उठून फिर्याद करू शकत नाही. पण अलीगढच्या सरकारी वकिलांबद्दल लिहिले गेले, तेव्हा तो गट लहान, ओळखता येण्याजोगा होता आणि १९६५ च्या निकालात खटला टिकला. देशभरचे व्यापारी म्हणणे वेगळे आणि आपल्या बाजारातले पाच आडते म्हणणे वेगळे.

ही गोष्ट लहान माणसापुरती नाही. २०१९ साली कोलारच्या निवडणूक सभेत आडनावावरून बोललेल्या एका वाक्यासाठी राहुल गांधींना मार्च २०२३ मध्ये सुरतच्या न्यायालयाने दोन वर्षांची, म्हणजे कायद्यातली कमाल शिक्षा सुनावली आणि खासदारकी गेली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली, कमाल शिक्षा का दिली याचे कारण खालच्या न्यायालयाने दिले नाही, असेही म्हटले. आम्हाला पक्षाशी देणेघेणे नाही. ज्याच्यामागे वकिलांची फौज आहे त्याची ही गत, तर सहा एकरवाल्याने काय समजावे?

संघटनेचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. कोणाची अब्रू गेली तर भरपाई मिळावी, माफी मिळावी, हे आम्हाला मान्य आहे. पण शब्दासाठी कैद हे कलम लहान माणसावर मोठ्याचे हत्यार बनते, कारण शिक्षा लागण्याआधीच तारखा लागतात. पेरणीच्या दिवसांत तारीख, वेचणीच्या दिवसांत तारीख, दर तारखेला एसटीचे भाडे आणि बुडालेला दिवस. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनेला धरून आहे असा निकाल दिला. तो कायदा म्हणून पाळू. तो बदलावा ही मागणी करण्याचा हक्कही त्याच घटनेने दिला आहे.

मात्र दुसरी बाजूही मनात असू द्यावी. अब्रू फक्त शेठजींना नसते. दिल्लीच्या वेशीवरील शेतकरी आंदोलनाच्या वेळी पंजाबच्या बठिंडा जिल्ह्यातील एका म्हाताऱ्या शेतकरी बाईविषयी, ती पैसे घेऊन आंदोलनाला येते, अशा अर्थाचा मजकूर एका नामवंत अभिनेत्रीने प्रसिद्ध केला. त्या माउलीने २०२१ साली याच कायद्याखाली फिर्याद केली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द करायला नकार दिला. आपल्या आयाबहिणींना भाडोत्री म्हणणाऱ्याला जाब विचारावा असे आपल्याला वाटते. मग दुसऱ्याच्या बापाचे नाव पारावर काढताना आपणही तेवढाच विचार केला पाहिजे.

आता नोटिशीची भीती. वकिलाची नोटीस म्हणजे खटला नव्हे. अब्रुनुकसानीत पोलीस वॉरंटशिवाय धरून नेऊ शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद करायची असते. फौजदारी फिर्यादीला साधारण तीन वर्षांची मुदत असते, दिवाणी दाव्याला एक वर्षाची. नोटीस आली तर ती चुलीत घालू नये आणि घाबरून कोऱ्या कागदावर सहीही करू नये. जिल्हा कचेरीत घेऊन यावी. उत्तर वकिलामार्फत जाईल.

आणि पुरावा. १९१६ साली पोलीस कागदावर टिपत होते, आज सभेतले पन्नास मोबाइल टिपतात. अर्ध्या मिनिटाचा तुकडा गावोगाव फिरतो, मागचे-पुढचे वाक्य कापलेले असते. ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालते, पण आवाज कोणाचा, त्यात फेरफार नाही ना, हे सिद्ध करावे लागते. संगणकीय नकलेसोबत ठरावीक प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणूक प्रकरणात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे पक्के केले. यापुढे प्रत्येक सभेचे आरंभापासून शेवटपर्यंत मुद्रण आपल्या माणसाने करावे आणि मूळ फोन जपून ठेवावा. सबंध भाषण वाचा असे म्हणण्यासाठी सबंध भाषण हाती लागते, ते असे.

आमच्या त्या कार्यकर्त्याचे पुढे काय झाले? त्याला आम्ही विचारले, "चोर कशावरून म्हणालास?" तो घरात गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून सात शेतकऱ्यांच्या पावत्या घेऊन आला. एका बाजूला धर्मकाट्याचे वजन, दुसऱ्या बाजूला जिनिंगचे. सातही ठिकाणी फरक. हे सगळे सभेच्या दिवशी त्याच्या घरात होते, आणि सभेत त्याने यातले एक अक्षर सांगितले नाही. त्याला टाळी हवी होती, आणि खरे सांगायचे तर ती शिकवण आमचीच. वर्षानुवर्षे आम्ही गरम बोलणाऱ्याला शेवटचे भाषण देत आलो आणि पावत्या जमवणाऱ्याला सतरंज्या उचलायला लावत आलो.

बापाचा उल्लेख चुकीचा होता, तो त्याने नोटिशीच्या उत्तरात मागे घेतला आहे. काट्याबद्दलचा शब्द मागे घेतलेला नाही. सात पावत्यांच्या नकला जोडून वैधमापन निरीक्षकाकडे आणि बाजार समितीकडे लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. निकाल काय लागेल ते आम्ही आज सांगू शकत नाही. पण पुढच्या महिन्यात त्याच पारावर पुन्हा सभा आहे, तोच कार्यकर्ता बोलणार आहे, आणि यावेळी त्याच्या हातात ती पिशवी असेल. तारीख, वजन आणि फरक तो वाचून दाखवील. चोर कोण, ते ऐकणाऱ्याने ठरवावे.

शेतकरी भावांनो, बहिणींनो, जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावातल्या काटापावत्या घेऊन या.